दुधासोबत सात दिवस

लातूर जिल्हा झाला त्याचा सगळ्यात जास्त आनंद सिद्धलिंग पेंटरला झाला. पुढाऱ्यांनाही झाला असेल, पण ते आनंद वाटून घेतात. सिद्धलिंगला एकट्याला झाला. पाच तालुक्यांतल्या सगळ्या पाट्या एका दिवसात चुकीच्या ठरल्या होत्या. शाळा, सोसायट्या, पिठाच्या गिरण्या, जिथं तिथं 'जिल्हा उस्मानाबाद'. ते पुसून 'जिल्हा लातूर' लिहायचं. आणि पाच तालुक्यांत त्याच्याइतकं देखणं अक्षर कुणाचं नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा. खोटं नव्हतं.

मी तेव्हा नव्या कलेक्टर कचेरीत हंगामी कारकून होतो. मराठी घेऊन बी.ए. झालेलो. माझ्या टेबलावर काम नव्हतं, कारण कागद अजून उस्मानाबादहून यायचे होते. म्हणून मी त्याच्या दुकानात बसायचो. दुकान म्हणजे गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत पत्र्याची खोली. दाराच्या जागी पोत्याचा पडदा. मागे आणखी एक खोली, तिथं त्याचा संसार. संसार म्हणजे बायको नीलम्मा. ती बाळंतपणाला माहेरी, देगलूरला गेली होती.

तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णा म्हणायचो. तो मला 'बीए' म्हणायचा. शेषेराव हे माझं नाव त्याला पसंत नव्हतं. "लई जागा खातंय," म्हणायचा.

त्याच्या हाताला वाईट लिहिता यायचं नाही. किराण्याची यादी लिहायला बसला तरी तूरडाळीला सावली काढायचा. लोक त्याची यादी दुकानदाराकडून परत मागून आणायचे. पाट्या नसतील तेव्हा तो भिंती रंगवायचा. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, बियाणं, बिडी. आणि गुप्तरोगवाल्या वैद्यांच्या जाहिराती. 'निराश होऊ नका.' 'एकदा अवश्य भेटा.' वैद्य फक्त नाव आणि लॉजचा नंबर द्यायचे. बाकी मजकूर सिद्धलिंगच घालायचा. 'शंभर टक्के खात्री' हे त्याचंच वाक्य. जागा उरली तर तो खात्री वाढवायचा.

त्या वर्षी पावसानं नव्या जिल्ह्याची दखल घेतली नाही. मार्चमध्येच विहिरींचे तळ दिसले. गल्लीत दर चौथ्या दिवशी टँकर यायचा. पाट्या मात्र झकास वाळायच्या.

एप्रिलमधल्या एका दुपारी त्यानं पोत्याचा पडदा ओढून घेतला. तो पडदा ओढता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यानं डब्याखालून एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

"वाच."

"इंग्रजी आहे, अण्णा."

"मग? बीए न्हाईस का?"

"मराठीत आहे."

"म्हंजी अर्धाच शिकवला व्हय तुला?"

मी कागद उलटसुलट करून पाहिला. नांदेडच्या एका दवाखान्याचा होता. डॉक्टरचं अक्षर बघून सिद्धलिंगला वाईट वाटलं असणार. मला पहिला शब्दच लागेना.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "परमा."

मी थक्क झालो. परमा हा शब्द मी रोज वाचत होतो. निलंग्याच्या रस्त्यावर, बसस्टँडच्या मुतारीबाहेर, कापसाच्या गोदामावर. पिवळ्यावर लाल, त्याच्याच हातचा. पण तो भिंतीवर असायचा. तो माणसाला होतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"कुणाला?"

"कलेक्टरला. मला रे येड्या, मला!"

मग त्यानं सांगितलं. फेब्रुवारीत नांदेडला एका लॉजची मोठी पाटी रंगवायला गेला होता. दहा दिवसांचं काम. लॉजच्या मागं तारामती नावाची बाई राहायची. ती खाली उभी राहून पाटी बघायची. म्हणायची, "ल जरा वाकडा झाला." ल खरंच वाकडा झाला होता. आजवर त्याच्या अक्षरातली चूक कुणी काढली नव्हती. पुढचं त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पाटी दहाऐवजी बारा दिवसांत झाली, एवढंच म्हणाला.

लातूरला परतल्यावर चार दिवसांत जळजळ सुरू झाली, पू आला. तो तडक नांदेडला गेला. लातूरच्या दवाखान्यात गेला नाही, कारण तिथली पाटी त्यानंच रंगवली होती, सगळे ओळखायचे. नांदेडच्या डॉक्टरनं दोन्ही कुल्ल्यांवर इंजेक्शन दिलं. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. तीन दिवसांत पू थांबला. सिद्धलिंग खूश झाला. पंधरा दिवसांनी एका सकाळी पुन्हा चुणचुण. एक थेंब. पांढुरका, पातळ.

"एकच?" मी विचारलं.

"एकच. पर रोज हजेरी लावून ऱ्हायलाय. तुझ्या हापिसात येवढं नेमानं कुणी येत न्हाई."

तो पुन्हा डॉक्टरकडे गेला होता. हा कागद त्या दुसऱ्या खेपेचा. सोबत गोळ्यांची पुडी. दिवसातून चार वेळा, सात दिवस.

"मग घे की गोळ्या. मला कशाला वाचायला लावतोस?"

त्यानं मग खिशातून तीन पोस्टकार्डं काढली. त्याच्या सासऱ्याची, गुरुबसप्पांची. देगलूरला त्यांचं किराणा दुकान. पहिल्या कार्डात होतं, 'बाळ हसू लागले.' दुसऱ्यात, 'बाळ आवाजाकडे बघते.' तिसऱ्यात, 'बाळ पालथे पडले. आपण न्यावयास केव्हा येता?'

रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी. मग जावयानं जाऊन, आहेर घेऊन, बायको आणि लेकरू मानानं घरी आणायचं. पाडव्यानंतर तो जाणार होता. पाडवा होऊन गेला. देगलूरच्या पोस्टमनपासून सगळ्यांनी ती कार्डं वाचली असणार. जावई येत नाही याचा अर्थ लोक एकच काढतात.

"तिला कसं आणू?" तो म्हणाला. "एक खोली. तिला झालं तर? लेकराला उचललं अन् त्याला झालं तर? बारशाला घेतलं व्हतं मांडीवर. तवापासून न्हाई."

तीन वर्षं मी विरहावर निबंध लिहिले होते. पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. त्यातल्या एकाही विरहात लघवीला जळजळ होत नव्हती.

मी ठरवलं, हा माणूस बरा करायचा. यात माझा उत्साह सिद्धलिंगपेक्षा जास्त होता.

माझी घरमालकीण विठाबाई. तिची एक म्हैस होती. उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, कशीबशी तग धरून. मी विठाबाईला म्हणालो, एका मित्राला कडक गोळ्या चालू आहेत. ती म्हणाली, "गरम असत्यात त्या गोळ्या! आतडं जाळत्यात. दूध घेतल्याबिगर देऊ नगंस, बाबा." हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या आईनं मला मलेरियाची गोळीसुद्धा दुधाशिवाय दिली नव्हती. डॉक्टरनं 'पाण्यासोबत' सांगितलं होतं, पण ते नांदेडचे. त्यांना गोदावरी आहे. आमचं टँकरचं पाणी गढूळ, तळाला बोटभर माती. पाण्याच्या जागी दूध म्हणजे गोळीला बढतीच, असं मला वाटलं.

सात दिवस मी दिवसातून चार वेळा सायकलवरून दूध पोचवलं. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, झोपताना. सायीसकट. सिद्धलिंग गोळी जिभेवर ठेवायचा आणि मी पेला पुढे करायचो. शेजारचा शिंपी दगडोबा विचारायचा, "पेंटर, तू बाळंत झालास का तुझी बायको?"

सात दिवसांत त्याचे गाल वर आले. कातडीला तेज आलं. थेंब जिथल्या तिथं.

"आता?" तो म्हणाला.

"अजून आठ दिवस दूध चालू ठेवू," मी म्हणालो.

चालू ठेवलं. गोळ्या संपल्या होत्या, तरी ठेवलं. थेंबाचीही तब्येत सुधारली असावी. चुणचुण वाढली. तो रोज सकाळी उठून तपासायचा. दुपारी तपासायचा. ब्रश धुताना मध्येच पडद्याआड जायचा. मी बाहेर बसून वाट बघायचो. तो बाहेर आला की त्याच्या तोंडावरूनच कळायचं.

मग चौथं कार्ड आलं. त्यात बाळाचं काही नव्हतं. 'जे असेल ते स्पष्ट कळवावे. मुलगी आम्हाला जड नाही.'

सिद्धलिंगनं ते चार वेळा वाचलं. अक्षर बघत होता का मजकूर, कळलं नाही.

"त्या वैद्याकडं जातो," तो म्हणाला.

"कोणत्या?"

"भालकी नाक्याच्या भिंतीवरच्या. 'जुनाट, हट्टी, वारंवार उद्भवणारा.' माझाच हाय तो."

"अण्णा, तो मजकूर कुणी लिहिला?"

"मी."

"वैद्यानं सांगितलं होतं, हट्टी आजार बरा करतो म्हणून?"

"न्हाई. जागा उरली व्हती."

"मग?"

त्यानं कार्ड खिशात घातलं. "पर बीए," तो म्हणाला, "वाचलं की पटतंय रे. मलाच पटतंय."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. हंगामी कारकुनाला रजा नसते, पण माझी अनुपस्थिती कुणाच्या लक्षात येणार नव्हती. आम्ही सकाळच्या एसटीनं नांदेडला गेलो.

डॉक्टर शांत माणूस होता. कपाळ मोठं, बोलणं कमी. त्यानं सिद्धलिंगला आत नेलं, काचेवर थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकात पाहिला. मग आम्हाला समोर बसवलं.

"तुम्हाला एकदम दोन आजार झाले होते," तो म्हणाला. "पहिला इंजेक्शननं गेला. तो आता दिसत नाही. त्याच्या आडून दुसरा आला होता, जास्त बारीक. त्याच्यासाठी गोळ्या दिल्या होत्या. घेतल्या?"

"घेतल्या, साहेब. एक बी चुकवली न्हाई."

"चारही वेळा?"

"चारी बी."

डॉक्टर विचारात पडला. "कशा घेतल्या?"

सिद्धलिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे सरकून बसलो. हे सांगण्याचा मान माझा होता.

"दुधासोबत," मी म्हणालो. "म्हशीच्या. सायीसकट."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. कंपाउंडर औषधं मोजायचा थांबला.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"या गोळीला दूध चालत नाही," डॉक्टर म्हणाला. "दुधातलं कॅल्शियम गोळीला पकडून ठेवतं. रक्तात जाऊ देत नाही. तुम्ही अठ्ठावीस गोळ्या घेतल्या आणि त्यांतल्या बहुतेक शरीराला न भेटताच निघून गेल्या."

मी थक्क झालो. हे माझं नेहमीचंच, पण या वेळी कारण मी होतो. दुष्काळात, उसाच्या वाढ्यावरच्या म्हशीचं दूध मी रोज चार वेळा पायडल मारत नेलं होतं. आणि मित्राचा आजार पोसला होता.

सिद्धलिंग माझ्याकडे बघत होता. मला वाटलं मारतो आता.

"बीए," तो म्हणाला, "तू एमए झाला न्हाईस ही देवाची किरपा."

डॉक्टर हसला. पुन्हा सात दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. पाण्यासोबत, रिकाम्या पोटी. आधी आणि नंतर दोन तास दूध, दही, ताक काही नाही. पाणी भरपूर. मग म्हणाला, "आणि ते रोज दाबून बघणं बंद करा. त्यानंच अर्धी चुणचुण होते. कोणतीही जागा दिवसातून दहा वेळा दाबली तर दुखणारच."

"साहेब," सिद्धलिंगनं खाली बघत विचारलं, "लेकराला उचललं तर?"

"उचला की. साबणानं हात धुवा आणि उचला. हा आजार उचलल्यानं होत नाही."

"अन् त्या बाईला?"

"तिलाही हेच औषध लागेल. पाठवून द्या."

दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यानं तारामतीला चिठ्ठी लिहिली. मी म्हणालो, तोंडीच सांग. तो म्हणाला, माझ्या तोंडून निघायचं नाही. कागद कंपाउंडरकडून घेतला होता, पेन माझं. कुठं जायचं, कुणाला भेटायचं, गोळ्या कशा घ्यायच्या. 'दुधासोबत घेऊ नये' या ओळीखाली त्यानं दोन रेघा मारल्या, कोपऱ्यात वेल काढली. हाताला वळणच तसं.

लॉजच्या मागं ती भांडी घासत होती. चाळिशीची, ठसठशीत बाई. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"इतक्या चांगल्या अक्षरात मला कुणी शिवीबी लिहिली न्हाई," ती म्हणाली. "येवढ्यासाठी आलास व्हय लातूरहून?"

"हाव."

"बाकीचे येत न्हाईत रे." तिनं चिठ्ठी घडी करून पोलक्यात ठेवली. "जाते उद्या. अन् ल नीट काढत जा."

लातूरला पाण्याची सात दिवसांची मोहीम सुरू झाली. चौथ्या दिवशी येणाऱ्या टँकरवर भरपूर पाणी प्यायचं हे सोपं नव्हतं. मी कचेरीतून कळशी भरून आणायचो. कचेरीला वेगळा टँकर होता. दुष्काळ निवारणाच्या बैठका तिथं व्हायच्या, म्हणून. पाणी उकळायचं, गाळायचं, माठात भरायचं. दगडोबा म्हणायचा, "दूध सुटलं, आता पाण्यावर आला. पुढच्या आठवड्यात हवा."

तिसऱ्या दिवशी थेंब आला नाही. म्हणजे तपासायचं नाही असं ठरलं होतं, तरी त्यानं तपासलं. चौथ्या दिवशीही नाही. चुणचुण मात्र होती. "गेला का लपला?" तो विचारायचा. मला कसं माहीत असणार?

सहाव्या दिवशी दुपारी मी कळशी घेऊन आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक बाई उभी होती. खांद्याला पिशवी, कडेवर लेकरू, पदर धुळीनं माखलेला. उदगीरमार्गे एसटी बदलत आली होती. नीलम्मा.

"वहिनी?" मी म्हणालो.

"हायत का घरात?"

सिद्धलिंग स्टुलावर उभा राहून एका शाळेच्या पाटीला कडा मारत होता. वळला, बघितलं, खाली उतरला. ती पुढे आली. दोन्ही हातांनी लेकरू त्याच्यापुढे धरलं.

तो मागे सरकला.

एक पाऊलच. डॉक्टरनं सांगितलेलं त्याला ठाऊक होतं. पण अंगाला सवय झाली होती. त्याची पाठ पत्र्याच्या भिंतीला लागली. लेकरू हवेत पाय झाडत होतं. नीलम्माचे हात तसेच पुढे.

तिनं सावकाश लेकरू परत छातीशी घेतलं. तिचं तोंड मी बघितलं आणि कळशी खाली ठेवली.

"आता मला कळलं," ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. "दादा म्हणत व्हते ते खरं हाय. जाते मी."

"नीले, थांब."

"कशाला? बापाला लेकरू हातात धरवंना. दुसरी केलीत व्हय? सांगा की तोंडानं. पोस्टकार्डाला उत्तर न्हाई, माणसाला तरी द्या."

मी बाहेर आलो. पडदा ओढला. पण पोतं ते. आत बोललेलं गल्लीत ऐकू येतं. दगडोबाचं मशीन थांबलेलं होतं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते पुन्हा सुरू केलं. कापड न लावता.

सिद्धलिंगनं सगळं सांगितलं. अडखळत, पण सगळं. नांदेड, लॉज, बाई, इंजेक्शन, थेंब. वैद्यांच्या भिंतींवर त्यानं एवढे गोड शब्द लिहिले होते, त्यांतला एकही वापरला नाही. म्हणाला, "चूक झाली. तुला अन् लेकराला लागू नये म्हणून आलो न्हाई. दुसरं कायबी कारण न्हाई."

दगडोबाचं रिकामं मशीन तेवढं चालू होतं.

"बारशाच्या आधी का नंतर?" नीलम्मानं विचारलं.

"नंतर."

"म्हंजी मी बाळंतिणीच्या खाटंवर व्हते."

"हाव."

मग लेकरू रडलं. मग तिचा आवाज. "त्या बाईला दवा भेटली का?"

"भेटली."

"तेवढं तरी केलंत." आणि मग, "डॉक्टरकडं कदी जायचंय?"

"परवा."

"मी येणार हाय. तुमचं ऐकून घेणार न्हाई मी. त्येंचं ऐकणार."

दोन दिवस ती मागच्या खोलीत राहिली आणि तो माझ्या खोलीवर. विठाबाईनं त्याच्यासाठी दुधाचा पेला आणला तेव्हा तो दचकला.

नांदेडला नीलम्मानं डॉक्टरला जे विचारलं ते आम्हा दोघांना तीन महिन्यांत सुचलं नव्हतं. आजार परत उलटतो का? मला तपासायला पाहिजे का? गेला हे कशावरून म्हणायचं, यांच्या सांगण्यावरून का काचेवरून?

"काचेवरून," डॉक्टर म्हणाला. "काच स्वच्छ आहे. तुम्ही यांच्यासोबत नव्हता, तुम्हाला काही झालेलं नाही. जंतू गेला तरी आतली कातडी सोललेली असते, ती भरायला वेळ लागतो. थोडी चुणचुण पंधरा दिवस राहील. ती आजार नाही. पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा दाखवा. तोवर वेगळे राहा."

"ऐकलंत?" नीलम्मा म्हणाली.

"ऐकलं."

"तुमाला न्हाई. ह्या भाऊजींना इचारते. मागच्या खेपेला ह्येंनीच ऐकलं व्हतं म्हणं."

मी मान खाली घातली. दुधाची गोष्ट तिला कळली होती.

बसस्टँडवर देगलूरची गाडी लागली होती. सिद्धलिंग पिशवी घेऊन लातूरच्या फलाटाकडे निघाला. ती निघाली नाही.

"मी देगलूरला चालले," ती म्हणाली. "माझी मी आले, तशी माझी मी ऱ्हायला येणार न्हाई. पंधरा दिवसांनी दाखवा, अन् मग न्यायला या. रीतीनं. समद्यांच्या म्होरं. एक दिवस आदी नगं, एक दिवस उशिरा नगं."

"नीले, रागात हायेस?"

"हाय की. घरी येऊन काढते राग. हितं स्टँडवर कशाला?"

ती गाडीत चढली. तो पिशवी खिडकीतून देत होता. तिनं ती घेतली, त्याच्याकडे बघितलं नाही.

ते पंधरा दिवस सिद्धलिंगनं काय केलं हे सांगण्यासारखं नाही. चुणचुण आहे, चुणचुण नाही. सकाळी नाही, दुपारी आहे. मी नवी पद्धत काढली. त्यानं पडद्याआड जायचं म्हटलं की हातात मोठा ब्रश द्यायचा आणि एखादी भिंत दाखवायची. लातूरच्या बऱ्याच भिंती त्या पंधरवड्यात उगाच रंगल्या. बाराव्या दिवशी तो दिवसभर अहमदपूरला होता. परत आल्यावर पाणी प्यायला बसला आणि म्हणाला, "बीए, आज ध्यानातच आलं न्हाई रे." मग दोघंही गप्प बसलो. आठवण झाल्यामुळे परत सुरू होईल अशी भीती वाटली.

नांदेडची काच पुन्हा स्वच्छ निघाली. आम्ही तिथूनच देगलूरची एसटी पकडली. त्याच्या हातात साडीचोळीचा आहेर, माझ्या हातात बत्ताशांची पुडी.

गुरुबसप्पा दुकानात बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, समोर गिऱ्हाईक. त्यांनी गिऱ्हाईकाला सावकाश शेंगदाणे जोखून दिले. मग आमच्याकडे बघितलं.

"शरणार्थ, मामा," सिद्धलिंग म्हणाला.

"शरणार्थ. बसा जावईबापू. पाणी घ्या." पाणी आलं. शेजारचे दोघेतिघे सहज यावं तसे आले आणि पोत्यांवर बसले. "लई काम व्हतं म्हणं लातूरला?"

नीलम्मा आतल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "पाट्या वाळत नव्हत्या म्हणं, दादा."

"उन्हाळ्यात?" गुरुबसप्पा म्हणाले.

सिद्धलिंगनं पेला खाली ठेवला.

"न्हाई, मामा. पाट्या वाळत व्हत्या. कसूर माझा हाय. तुमच्या लेकीला समदा ठावा हाय. तिनं माफ केलं तर घिऊन जाईन. न्हाई केलं तर पुन्हा येईन."

गुरुबसप्पांनी लेकीकडे बघितलं. ती आत गेली, बाहेर आली आणि लेकरू सिद्धलिंगच्या मांडीवर ठेवलं.

तो हलला नाही. त्याला दोन्ही हातांनी धरून बसला, ओल्या रंगाची पाटी धरतात तसं. लेकरानं त्याचं नाक बघितलं. कपाळ बघितलं. मग पाय ताणले आणि त्याच्या नव्या धोतरावर धार सोडली. सरळ, जोरकस, बिनतक्रार. संपेचना.

सिद्धलिंग त्या धारेकडे बघत राहिला. इतक्या हेव्यानं बापानं पोराकडे बघितलेलं मी कधी पाहिलं नाही.

"नशीबवान हाय," तो म्हणाला.

नीलम्मानं तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. गुरुबसप्पांना काय झालं ते कळलं नाही, पण लेक हसते आहे एवढं त्यांनी पाहिलं आणि ते तराजूतली शेंगदाण्याची सालं फुंकायला लागले.

"उठा," ती म्हणाली. "धोतर बदला. दोनची गाडी हाय."